लाल प्लस हटत नाही? इनडिझाइनमध्ये मॅटर बसवताना

इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये दिवाळी अंकाची पानं लावताना कथा फ्रेममध्ये (मजकुराच्या चौकटीत) मावत नाही आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात लाल प्लस दिसतो. त्यावर ठरलेला सल्ला येतो: पॉइंट (अक्षरांचा आकार) कमी कर, लीडिंग (ओळींमधलं अंतर) खेच. तो ऐकू नका. देवनागरीला वर वेलांटी-रफार आणि खाली उकार असतात. लीडिंग खेचलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. शिवाय दाटीवाटीचं पान समोरच्या पानाशेजारी लगेच उघडं पडतं. कथेत कर्सर ठेवून एफ ८ दाबा. इन्फो पॅनेलमध्ये शब्दसंख्येपुढे प्लस लावून जो आकडा येतो, तेवढे शब्द बाहेर राहिलेत. तो आकडा संपादकाला कळवा; कापायचं की जागा द्यायची, ते त्यांनी ठरवावं.

त्याआधी पॅराग्राफ स्टाइलमध्ये वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर (देवनागरी नीट जुळवून ओळी तोडणारा पर्याय) निवडलाय ना, ते बघून घ्या. तो नंतर बदललात तर ओळी नव्यानं तुटतात आणि सगळा हिशोब परत करावा लागतो.

जागा द्यायची ठरली तर पुढची फ्रेम जोडणं सोपं आहे. काळ्या बाणानं (सिलेक्शन टूलनं) लाल प्लसवर क्लिक, मग पुढच्या फ्रेमवर क्लिक. शिफ्ट दाबून क्लिक केलंत तर मॅटर संपेपर्यंत पानं आपोआप वाढत जातात. कादंबरीला ते झकास, पण जाहिरातींची पानं ठरलेल्या अंकात चुकूनही नको. तिथे ऑल्ट दाबून एकेक फ्रेम भरा. साखळीच्या मध्येच फ्रेम हवी असेल तर आधीच्या फ्रेमच्या आउट पोर्टवर (खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनावर) क्लिक करून नवी फ्रेम काढा. मधली फ्रेम डिलीट झाली म्हणून घाबरू नका, मॅटर पुढच्या फ्रेममध्ये सरकतं.

खरी डोकेफोड पुढे आहे. रिकामी फ्रेम जोडली तरी ती रिकामीच राहते आणि लाल प्लस जागचा हलत नाही. या ठिकाणी मीही कैक रात्री घातल्यात, म्हणून सांगतो: अशा वेळी आणखी फ्रेम जोडत बसणं हा शुद्ध वेडेपणा. जागा भरपूर आहे, वाटेत काहीतरी अडकलंय.

फ्रेममध्ये क्लिक करून कंट्रोल + वाय दाबा. स्टोरी एडिटर उघडेल आणि ओव्हरसेट (फ्रेमबाहेर राहिलेलं) मॅटर कुठून सुरू होतं तिथे खूण दिसेल. त्या खुणेच्या लगेच खालचा परिच्छेद हाच संशयित. त्यात कर्सर ठेवून कंट्रोल + ऑल्ट + के दाबा, कीप ऑप्शन्स उघडतील. 'सगळ्या ओळी एकत्र ठेवा' हा पर्याय चालू असेल आणि परिच्छेद फ्रेमपेक्षा मोठा असेल, तर तो कुठेच उतरणार नाही आणि मागचं सगळं अडवून धरेल. ते ठीक असेल तर कॅरेक्टर पॅनेलच्या मेनूत 'नो ब्रेक' (मजकूर ओळीच्या शेवटी तुटू न देणारा पर्याय) बघा. आडनाव तुटू नये म्हणून कुणीतरी तो लावतं, चुकून अख्खा परिच्छेद सिलेक्ट झालेला असतो आणि एवढा मजकूर एका ओळीत बसणं अशक्य.

तिसरा संशयित म्हणजे टेबल किंवा मॅटरमध्ये पेस्ट केलेलं चित्र. टेबलची एक रो दोन फ्रेममध्ये विभागत नाही, त्यामुळे फ्रेमपेक्षा उंच रो तिथेच ठाण मांडते; तेवढ्याच उंचीचं चित्रही तसंच करतं. रोची उंची कमी करा, चित्र लहान करा, की मॅटर धबाधबा पुढे वाहतं. यातलं काहीच नसेल तर रिकाम्या फ्रेमवर कुठल्या चित्राचा टेक्स्ट रॅप (मॅटरला चित्रापासून दूर ढकलणारी सेटिंग) येतोय का ते बघा. लपवलेल्या लेयरवरचं चित्रही मॅटर ढकलू शकतं, हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं.

आणखी एक भंपक युक्ती फिरते: पानाबाहेर पेस्टबोर्डवर फ्रेम काढून तिला मॅटर जोडायचं. प्लस जातो आणि कथेचा शेवटही जातो, कारण पानाबाहेरचं छापलं जात नाही. ओव्हरसेट काही उरलेलं नसल्यानं प्रीफ्लाइटही (इनडिझाइनची चुका शोधणारी तपासणी) त्याबद्दल तक्रार करत नाही. म्हणून पीडीएफ काढल्यावर प्रत्येक कथेचं शेवटचं वाक्य मूळ कॉपीशी ताडून बघा, मगच फाइल प्रेसला धाडा.