लहान मुलांना सिरप देताना डोस कुठं चुकतो? या चुका टाळा

नर्सिंगच्या पहिल्याच वर्षी फॉर्म्युला पाठ होतो, किती द्यायचंय भागिले बाटलीत किती आहे, गुणिले ते किती एमएलमध्ये आहे. परीक्षेत तो फारसा कुणाचा चुकत नाही. पण वॉर्डात डोस चुकतो तेव्हा माझ्या बघण्यात तरी गुणाकार-भागाकार बरोबरच असतो, त्यात टाकलेला आकडा चुकीचा असतो. म्हणून ज्यांची पेडियाट्रिक वॉर्डात नवीन ड्युटी लागलीय त्यांनी कॅल्क्युलेटर काढायच्या आधी बाटली हातात घ्या.

"5 एमएल द्या" हा डोस नाहीच

पॅरासिटामॉलचंच बघा. एकाच ट्रॉलीवर 5 एमएलमध्ये 120 एमजीवालं सिरप असतं, 5 एमएलमध्ये 250 एमजीवालं असतं, आणि ड्रॉप्स असतात त्यात 1 एमएलमध्येच 100 एमजी. आता 12 किलोचं मूल, किलोला 15 एमजी धरलं तर 180 एमजी. 120 वाल्यातून 7.5 एमएल, 250 वाल्यातून 3.6 एमएल आणि ड्रॉप्समधून फक्त 1.8 एमएल. डोस तोच, एमएल तीन वेगवेगळे! कुणी काल 7.5 एमएल दिलं होतं म्हणून आज दुसऱ्या बाटलीतून तेवढंच दिलं, तर 250 वाल्यातून 375 एमजी जातं म्हणजे दुपटीहून जास्त, आणि ड्रॉप्समधून 750 एमजी, म्हणजे चौपटीच्याही वर. उलटंही होतं, ड्रॉप्सचा 1.8 आकडा डोक्यात ठेवून 120 वालं सिरप दिलं की पोटात जेमतेम 43 एमजी जातं, ताप उतरत नाही आणि सगळे म्हणतात औषध लागू पडत नाही. ताप हटत नसेल तर आधी बाटलीवरचा आकडा परत वाचा.

ड्युटी बदलताना हँडओव्हर देतानाही एमएल सांगू नका, एमजी सांगा आणि कुठल्या बाटलीतून ते सांगा. केस पेपरवर नुसतं "सिरप 5 एमएल" लिहिलेलं असेल तर डॉक्टरांना विचारा, किती वाजलेत ते बघू नका.

आणि आईला विचारा, घरून निघताना काय पाजलं? सर्दीच्या बऱ्याच सिरपमध्ये पॅरासिटामॉल असतं, मेफेनॅमिक अ‍ॅसिडबरोबरच्या कॉम्बिनेशनमध्ये असतं, आईला ते माहीत नसतं, ती "तापाचं काही नाही दिलं, सर्दीचं दिलं" असं म्हणते. दोन डोसमध्ये किमान 4 ते 6 तास आणि 24 तासांत सहसा 4 डोसच्या वर नाही, हा हिशेब घरच्या डोसपासून सुरू होतो.

दिवसाचा डोस की एका वेळचा

अँटिबायोटिकमध्ये ही गडबड फार होते. अमॉक्सिसिलिन दिवसाला किलोमागे 40 एमजी, दोन वेळा विभागून, असं लिहिलेलं असतं. 10 किलोच्या मुलाला दिवसाचे 400, म्हणजे एका वेळी 200 एमजी. घाईत 400 एका वेळचे समजले की दिवसभरात दुप्पट गेलं. क्लॅव्हुलॅनिक अ‍ॅसिडवाल्या सिरपवर 5 एमएलमध्ये 228.5 एमजी लिहिलेलं असतं, त्यात अमॉक्सिसिलिन 200 च आहे, उरलेलं 28.5 क्लॅव्हुलॅनिक. डोस सहसा अमॉक्सिसिलिनवरच काढतात, त्यामुळे वरच्या मुलाला सरळ 5 एमएल, पण डॉक्टरांनी कुठला आकडा धरलाय ते एकदा बोलून घ्या.

ड्राय सिरप, म्हणजे पाणी घालून तयार करायची पावडर, 30 एमएलचं आहे म्हणून त्यात 30 एमएल पाणी ओतू नका, पावडरही जागा घेते. उकळून गार केलेलं पाणी बाटलीवरच्या खुणेच्या थोडं खालपर्यंत घाला, हलवा, फेस बसू द्या, मग खुणेपर्यंत भरा. बाटलीवर तारीख टाका, बहुतेक 7 दिवसांत संपवायचं असतं. आणि प्रत्येक वेळी हलवायचंच, नाहीतर वरवरचं पातळ औषध आधी जातं आणि शेवटच्या डोसला तळातलं घट्ट.

वजन आजचं हवं, आईने सांगितलेलं किंवा मागच्या अ‍ॅडमिशनचं चालत नाही. काट्यावर ठेवा, किलोत लिहा.

घरातला चमचा नको, प्रत्येक घरचा वेगळा असतो. 5 एमएलच्या आतलं सगळं ओरल सिरिंजने (तोंडाने औषध पाजायची, सुई न बसणारी) काढा. ओरल सिरिंज नसते तेव्हा इंजेक्शनचीच वापरली जाते, तिथं सगळ्यात मोठा धोका हा की तोंडाचं औषध भरलेली सिरिंज कुणीतरी आयव्ही लाइनला, म्हणजे शिरेतल्या नळीला लावेल. सुई लावू नका, "तोंडावाटे" असं लेबल लावा, भरून ट्रेमध्ये ठेवू नका, भरली की लगेच पाजा.

पॉइंट आणि शून्य: 0.5 लिहा, नुसतं .5 नको, पॉइंट दिसला नाही की 5 होतं. 5 लिहायचं तर 5.0 नको, ते 50 वाचलं जातं. दोन्हीकडे दहापट. डिगॉक्सिन, थायरॉक्सिन अशा औषधांत एमजी आणि मायक्रोग्रॅमचं रूपांतर दुसऱ्या सिस्टरने स्वतंत्र करून बघायला हवं, तुमचं उत्तर आधी सांगून "बरोबर ना?" विचारलं तर ती हो म्हणणारच.

एसआर, सीआर (हळूहळू औषध सोडणारी) लिहिलेली किंवा एन्टेरिक कोटेड गोळी राइल्स ट्यूबसाठी (नाकातून पोटात जाणारी नळी) कुटू नका, एसआर, सीआरमधलं दिवसभर हळूहळू सुटणारं औषध एकदम सुटतं आणि एन्टेरिक कोटेडचं पोटातल्या आम्लापासून जपणारं आवरण फुटतं. सिरप मिळतंय का विचारा.

मुलाने डोस घेऊन लगेच उलटी केली तर स्वतःच्या मनाने परत पाजू नका, किती वेळाने झाली आणि औषध दिसलं का ते बघून डॉक्टरांना सांगा. सही पाजल्यावरच करा, आधी सगळ्यांच्या सह्या मारून मग ट्रॉली फिरवायची पद्धत बंद करा.

आणि डोस जास्त गेलाच तर त्याच मिनिटाला इन्चार्ज आणि डॉक्टरांना सांगा, बाटली टाकू नका, किती एमजी गेलं आणि किती वाजता ते लिहून ठेवा. पॅरासिटामॉल जास्त झालेलं मूल पहिल्या दिवशी खेळतं, खातं, काहीच झालेलं वाटत नाही, लिव्हरचा त्रास नंतर दिसायला लागतो, आणि त्यावरचा उतारा एन-अ‍ॅसिटाइलसिस्टीन पहिल्या 8 तासांत सुरू झाला तर सगळ्यात चांगलं काम करतो.