नेट स्लो आहे की समोरची साइट? असं शोधून काढा

व्हिडिओ कॉल अडखळला की बहुतेक जण आधी स्पीड टेस्ट करतात. त्या आकड्यावरून लाइन किती रुंद आहे ते समजतं, अडथळा कुठे आहे ते समजत नाही. तो शोधायचा तर जवळून लांब जात तपासावं लागतं.

सुरुवात राउटरपासून करा. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट, मॅक किंवा लिनक्सवर टर्मिनल उघडा. पिंग म्हणजे डेटाचा एक छोटा तुकडा (पॅकेट) पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणं. 'पिंग' (ping) लिहून जागा सोडा आणि राउटरचा पत्ता टाका, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. विंडोज चार वेळा पिंग करून थांबतं. सलग चालू ठेवायचं तर शेवटी 'डॅश टी' (-t) जोडा, थांबवायला कंट्रोल-सी. पन्नासेक ओळी तरी येऊ द्या.

समजा मिलिसेकंदांचे आकडे असे आले: ३, ४, ३, १८७, ४. सरासरी ४० निघते, पण ती फसवी आहे. बघायचा तो १८७. राउटर शेजारच्याच खोलीत असताना असे झटके येत असतील, तर दोष बहुधा वाय-फायचा. कॉम्प्युटर केबलने जोडून हेच पुन्हा करा. झटके गेले, तर कंपनीला फोन करायची गरजच नाही.

आता बाहेर पडा आणि ८.८.८.८ हा गूगलचा पत्ता पिंग करा. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे १००० किलोमीटरवरच्या सर्व्हरला जाऊन-येऊन किमान १० मिलिसेकंद लागणारच, प्लॅन कितीही महाग असो. पिंग चालू असतानाच एखादी मोठी फाइल डाउनलोडला लावा. २० चे एकदम ४०० झाले, तर पॅकेट रांगेत तुंबताहेत. माझ्या मते ही सगळ्यात उपयोगी चाचणी आहे आणि ती फारसं कोणी करत नाही. राउटरमध्ये क्यूओएस किंवा एसक्यूएमची (पॅकेटची रांग आवरणारी) सेटिंग असेल, तर ती चालू करून पुन्हा बघा.

दोष बाहेर आहे असं वाटलं की ट्रेसरूट (traceroute) ही पॅकेटची वाट दाखवणारी कमांड चालवा (विंडोजवर तिला 'ट्रेसर्ट', tracert, म्हणतात). प्रत्येक पॅकेटवर किती टप्पे जायचं याचा आकडा असतो, प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो, आणि शून्य झालं की पॅकेट टाकून देऊन तसं परत कळवतो. वाटेतले टप्पे दिसतात ते त्यामुळे. मध्येच चांदण्या (*) दिसल्या तर घाबरू नका. बरेच राउटर असं उत्तर मुद्दाम देत नाहीत. एका टप्प्यावर वेळ वाढला आणि तिथून शेवटपर्यंत वाढलेलाच राहिला, तरच त्यावर संशय घ्या.

सगळं ठीक असून एकच साइट रेंगाळत असेल, तर ब्राउझरमध्ये ती उघडून एफ-१२ दाबा. नेटवर्क टॅबमध्ये जा, पान रीलोड करा, पहिल्या ओळीवर क्लिक करून टायमिंग बघा. नाव शोधायला वेळ गेला असेल, तर डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) बदलून पाहा. सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहण्यातच दोन सेकंद जात असतील आणि पिंग मात्र २० असेल, तर काम त्या सर्व्हरवर अडलंय. तुमच्या लाइनचा त्यात दोष नाही.

तक्रार करताना वेळ, केबल होती की वाय-फाय, आणि कितव्या टप्प्यापासून उशीर सुरू झाला हे लिहा. ट्रेसरूट दोनदा जोडा: एक त्रास होत असतानाचा, एक सुरळीत असतानाचा.