पाइप विकत घेण्याआधी त्याची पोकळी मोजा

मुंबईच्या चोरबाजारात घेतलेला माझा पहिला तंबाखूचा पाइप चांगला मूठभर होता. गोलमटोल, जाडजूड, हातात धरला की वजन जाणवायचं. आता तासभर निवांत बसायची सोय झाली, अशा थाटात घरी आणला, भरला, पेटवला आणि वीस मिनिटांत राख! जीभ पोळली ती वेगळीच. मग आत बोट घालून पाहिलं, तर करंगळीसुद्धा धड जाईना. 'बडा घर पोकळ वासा' म्हणतात, इथे घर बडं होतं आणि पोकळी तेवढी नावाला.

पाइपचा आकार म्हटलं की आपण बाहेरचा आकार पाहतो. विकणाराही लांबी आणि उंची सांगून मोकळा होतो. ओढताना मात्र काम पडतं ते आतल्या मापांशी: पोकळी किती रुंद, किती खोल, भिंत किती जाड आणि धूर नळीत शिरतो ते भोक केवढं. लांबी आणि वजन त्यानंतर.

हा लेख पाइप आधीपासून ओढणाऱ्यांसाठी आहे. न ओढणाऱ्याने इथून सुरुवात करू नये. कुठल्याही मापाचा पाइप तोंडाच्या, ओठांच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका टाळू शकत नाही.

आधी मोजून घ्या

हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा साधा व्हर्नियर कॅलिपर पुरतो. पाइप वापरलेला असेल तर आतल्या भिंतीवर काजळीचा कडक थर चढलेला असतो, तो आधी खरवडून कमी करा. नाण्याच्या जाडीइतका थर लाकडाचं रक्षण करतो, म्हणून तेवढा राहू द्यावा, पण हिशोबात धरावा. 20 मिलिमीटर रुंदीच्या पोकळीत चहूबाजूंनी दीड मिलिमीटर थर चढला की रुंदी 17 होते आणि जळणारा पृष्ठभाग पाव हिस्स्याहून थोडा जास्तच घटतो. 'पूर्वी हा पाइप छान चालायचा, आता काय झालं कोण जाणे' या तक्रारीमागे पुष्कळदा हा थरच असतो.

कॅलिपरच्या वरच्या दोन चोची पोकळीत घालून तोंडाशी रुंदी घ्या. मग थोड्या खाली जाऊन पुन्हा घ्या, कारण काही पोकळ्या सरळ उतरतात आणि काही गाजरासारख्या निमुळत्या होत जातात. खोलीसाठी एक काडी तळाला टेकवा, काठापाशी नखाने खूण करा आणि ती मोजा. बाहेरची रुंदी वजा आतली रुंदी, भागिले दोन, ही झाली भिंतीची जाडी. बाहेरून 40 आणि आतून 20 असेल तर भिंत 10 मिलिमीटरची.

भोकासाठी ड्रिलचे बिट वापरा. त्यांचा दातेरी भाग भोकापासून दूर ठेवा आणि मागचं गुळगुळीत टोक हलकेच सरकवून पाहा. 3.5 चा बिट सैल जातो आणि 4 चा अडतो, तर भोक त्या दोहोंच्या मधलं. जोर लावायचा नाही.

आत एकूण किती मावतं हे पाहायला मी मोहरी वापरतो. तळाच्या भोकात कागदाचा छोटा बोळा बसवायचा (नाहीतर मोहरी नळीत शिरते आणि मग सगळी संध्याकाळ ती काढण्यात जाते), पोकळी काठोकाठ भरायची आणि ती मोहरी औषधाच्या मापाच्या झाकणात ओतायची. पाणी घालून मोजू नका, लाकूड ते पितं.

आता आकड्यांतली गंमत बघा. 16 मिलिमीटर रुंद आणि 30 खोल पोकळीत साधारण 6 मिलिलिटर मावतं. 20 रुंद आणि 38 खोल पोकळीत 12, आणि 22 रुंद व 50 खोल पोकळीत 19. पहिल्या दोन पाइपांच्या रुंदीत फरक फक्त चार मिलिमीटरचा आणि खोलीत आठचा, पण तंबाखू मावते दुप्पट. डोळ्यांनी हा फरक कळत नाही. डनहिलसारख्या कंपनीने आपल्या पाइपांना 1 पासून 6 पर्यंत चढत्या मापांचे गट दिले, ते सोयीचे आहेत, पण दुसऱ्या कंपनीचा 'मध्यम' याच्याशी जुळेलच असं नाही. मिलिमीटर सगळीकडे सारखे.

रुंदी: विस्तव किती पसरतो

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं माप हेच. आपण झुरका घेतो तेव्हा आत येणारी हवा साधारण तेवढीच असते. पोकळी अरुंद असली की ती सगळी हवा छोट्याशा विस्तवावर येते आणि तो भडकतो. रुंद असली की तीच हवा पसरते, विस्तव मंद राहतो, पण कडेची तंबाखू न जळता मागे उरते आणि पाइप विझतो. म्हणून अरुंद पाइपला झुरके बारीक आणि लांब अंतराने, तर रुंद पाइपला थोडे सलग. माझ्या त्या पहिल्या पाइपने जीभ पोळली, कारण मी 16 मिलिमीटरच्या विस्तवावर 22 च्या पाइपसारखे झुरके मारत होतो.

18 ते 20 मिलिमीटर ही मधली रुंदी, बहुतेकांना आणि बहुतेक तंबाखूला चालणारी. एकच पाइप ठेवायचा असेल तर इथेच थांबा. व्हर्जिनियाच्या दाबलेल्या चकत्या, म्हणजे फ्लेक, मला अरुंद आणि खोल पोकळीत जास्त आवडतात. या पानात साखर जास्त, ते लवकर तापतं, आणि लहान विस्तवावर हळू ओढलं तर त्याचा गोडवा टिकतो. उलट लटाकियाचं, म्हणजे धुरावर मुरवलेल्या पानाचं, मिश्रण रुंद पोकळीत खुलतं. तीन-चार जातींची पानं एकाच वेळी जळत असतात, त्यामुळे प्रत्येक झुरक्यात सगळ्यांचा वाटा येतो. याला शास्त्र म्हणू नका. उलट सांगणारे जाणकारही भेटतील, आणि त्यांचा पाइपही नीटच जळत असतो.

खोली: शेवटचा तिसरा हिस्सा

खोलीने वेळ ठरतो, हे उघड आहे. त्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे खोलीने चव बदलते. वर विस्तव असतो आणि धूर खालच्या न जळलेल्या तंबाखूतून गाळून येतो. वाटेत तो आपला ओलावा, डांबर आणि निकोटिन त्या तंबाखूत सोडत जातो. पोकळी जितकी खोल तितका हा साठा तळाशी जमत राहतो. सुरुवात हलकी, मध्य भरदार आणि शेवट कडक होतो तो यामुळेच. 45 मिलिमीटरच्या पुढच्या पाइपमध्ये शेवटचा तिसरा हिस्सा गुरगुरायला लागतो. तेव्हा नळीत पाइप-क्लीनर, म्हणजे लवदार तार, घालून ओलावा टिपा. तरी कडवटपणा गेला नाही तर उरलेलं सरळ टाकून द्या. पैसे वसूल करायच्या नादात तळ गाठणारे लोकच दुसऱ्या दिवशी जीभ दाखवत फिरतात.

खोल पाइपचं सगळ्यांना माहीत असलेलं चित्र म्हणजे अमेरिकी सेनापती जनरल मॅकआर्थर. 30 ऑगस्ट 1945 रोजी जपानमधल्या आत्सुगी विमानतळावर तो उतरला तेव्हा तोंडात मक्याच्या कणसाचा पाइप होता. कणीस हलकं असतं, म्हणून एवढ्या उंच बाउलचा, म्हणजे तंबाखू भरायच्या भागाचा, पाइप दातात धरता येतो. ब्रायर या पाइपांच्या नेहमीच्या लाकडात तेवढी उंची घेतली तर जबडा दुखेल.

भिंत आणि भोक

भिंतीबद्दल फार बोलायला नको. 7 मिलिमीटरपेक्षा पातळ भिंत लवकर चटका देते, 10 च्या आसपासची आरामात धरता येते. पाइप गालाला लावून पाहा. दोन सेकंद टेकवता येत नसेल तर तो खाली ठेवा आणि थंड होऊ द्या. मातीचा पाइप याला अपवाद, तो तापतोच. म्हणून तो बाउलला न धरता नळीला धरतात.

भोकाचं माप मात्र लोक विसरतात. 3 आणि 4 मिलिमीटर ऐकायला शेजारी-शेजारी वाटतात, पण 4 च्या भोकातून जाणारी वाट पावणेदोन पट मोठी असते. अरुंद भोकाला जोर लावून ओढावं लागतं, जोर लावला की विस्तव तापतो, आणि मोठ्या पोकळीचा सगळा फायदा तिथेच संपतो. साधारण साडेतीन ते चार हे ठीक. नळीत 9 मिलिमीटरचा फिल्टर बसणारे पाइप वेगळे. फिल्टर स्वतःच हवा अडवतो आणि ओलावा शोषतो, त्यामुळे तिथे बाकीची वाट मोकळी असणं जास्त गरजेचं.

भोक कुठे उघडतं हेही पाहा. ते पोकळीच्या अगदी तळाला हवं. चार मिलिमीटर वर असेल तर खालची तेवढी तंबाखू कधीच नीट जळणार नाही. बाहेरून पाइप-क्लीनर सरकवा. तो न अडता तळाशी डोकावला तर काम चोख झालंय.

आपल्या चिलमीत हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवलेला आहे. तिथे वाट सरळ खाली जाते, म्हणून तळाशी खडा टाकतात. तंबाखू खाली येऊ नये आणि हवा मात्र कडेने यावी यासाठी तो असतो. टोकाला गुंडाळलेली ओल्या फडक्याची छापी धुराचा चटका कमी करते. खडा मोठा पडला की चिलीम ओढवत नाही, छोटा पडला की तोंडात राख येते. मापाचं महत्त्व कळायला एवढं पुरे.

भोकाच्या मापाने तर इतिहासही सांगितलाय. 1954 मध्ये जे. सी. हॅरिंग्टन या अमेरिकी पुरातत्त्वज्ञाने उत्खननात सापडलेल्या मातीच्या पाइपांच्या नळ्या ड्रिलच्या बिटांनीच मोजल्या. सतराव्या शतकाच्या सुरुवातीची भोकं इंचाच्या 9/64, म्हणजे साडेतीन मिलिमीटरच्या आसपास, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस 4/64, म्हणजे दीडच्या थोडी वर. नळ्या लांब होत गेल्या तशी भोकं बारीक झाली. बाउल मात्र उलट दिशेने गेले. तंबाखू महाग होती तेव्हा ते एवढेसे असत की पुढे इंग्लंड-आयर्लंडमध्ये लोक त्यांना परीचे पाइप म्हणू लागले. तंबाखू स्वस्त झाली तसे ते वाढले.

लांबी आणि वजन

लांब नळीचा धूर थंड लागतो, हे थोडं खरं आहे. वाटेत ओलावा नळीच्या आतल्या बाजूला धरतो आणि तोंडाशी येईपर्यंत धुराचा चटका कमी होतो. पण विस्तव जितका तापायचा तितका तापतोच. घाईने ओढणाऱ्याला लांब नळी वाचवत नाही.

लांबीची हौस आपल्याकडे जुनी आहे. असद बेग हा अकबराचा माणूस 1604-05 च्या सुमारास विजापूरहून परतला तेव्हा त्याने बादशहासाठी तंबाखू आणली. सोबत सुमात्रातल्या आचेनहून आलेली नळी होती, तीन हात लांब, दोन्ही टोकांना रत्नं आणि मीनाकाम. अकबराने दोन-चार झुरके घेतले, पण हकिमाने हरकत घेतली आणि बादशहा तिथेच थांबला. हकीम शहाणा होता.

रोजच्या वापराला 14-15 सेंटिमीटर पुरे. पाइप दातात धरून काम करायची सवय असेल तर वजन 40 ग्रॅमच्या आत ठेवा आणि वाकडा पाइप घ्या. त्याचा बाउल हनुवटीजवळ लोंबतो, त्यामुळे दातांवर ताण कमी येतो. हातात धरून ओढणाऱ्याला सरळ पाइप बरा, साफ करायलाही सोपा.

मापाप्रमाणे भरणं

तळाला सैल, मध्ये थोडं दाबून, वर अजून घट्ट, हा नियम सगळ्या पाइपांना लागू. तंबाखूवर बोट ठेवलं तर ती स्प्रिंगसारखी वर यायला हवी. रिकामा झुरका घेऊन पाहा, स्ट्रॉने पातळ ताक प्यायल्याइतकाच अडथळा जाणवावा. रुंद पाइप पेटवताना काडी गोल फिरवून कडेकडेने सगळीकडे विस्तव लागू द्या. वरची तंबाखू फुगून येईल, ती हलकेच दाबा आणि दुसरी काडी लावा. अरुंद पाइपला एक काडी मधोमध पुरते. खोल पाइपला तळाची भरण आणखी सैल ठेवा, ओलावा तिथेच साठणार आहे.

किती भरायचं, हे पोकळीने ठरवायचं नाही. एका सिगारेटमध्ये तंबाखू एक ग्रॅमहून कमी असते, मोठ्या पाइपमध्ये सहज तीन ग्रॅम बसते. पाइपचा धूर छातीत घेतला नाही तरी निकोटिन तोंडाच्या अस्तरातून शिरतंच. उपाशीपोटी मोठा पाइप भरला की घाम, मळमळ, चक्कर. तसं झालं तर पाइप ठेवून द्या, पाणी प्या आणि बसून राहा. मोठा पाइप अर्धाच भरता येतो. पाऊण तास हवा म्हणून मोठा पाइपच लागतो असंही नाही. सावकाश ओढण्याच्या स्पर्धांमध्ये सगळ्यांना तीनच ग्रॅम तंबाखू आणि दोनच काड्या देतात, आणि मुरलेले स्पर्धक तेवढ्यावर दोन-दोन तास, कधी त्याहून जास्त, विस्तव जिवंत ठेवतात.

ऑनलाइन पाइप मागवायचा असेल तर विक्रेत्याला हे विचारा: पोकळीची रुंदी तोंडाशी किती, खोली किती, वजन किती, भोक तळाला उघडतं का, आणि फिल्टर असेल तर किती मिलिमीटरचा. 'मीडियम साइज आहे सर' असं उत्तर आलं, तर पट्टी पाइपच्या तोंडावर आडवी ठेवून वरून फोटो पाठवायला सांगा. फोटो आला नाही, तर दुसरा विक्रेता बघा.