मुंबईत स्टेशनजवळ भाड्याने घर घेताना या चुका टाळा

भांडुप पश्चिमेचं माझं पहिलं घर मी रविवारी दुपारी बघितलं. "स्टेशन पाच मिनिटं," असं दलाल म्हणाला आणि रिक्षाने खरंच पाच मिनिटंच लागली. सोमवारी सकाळी शेअर रिक्षाची रांग कोपऱ्यापलीकडे गेलेली, एलबीएस रोडवर गाड्या जागच्या जागी उभ्या. फलाटावर पोचेपर्यंत अर्धा तास गेला. म्हणून घर रविवारी पसंत पडलं तरी टोकन, म्हणजे घर पक्कं करायची आगाऊ रक्कम, देऊ नका. कामाच्या दिवशी, तुमच्या निघायच्या वेळेला, इमारतीच्या गेटपासून फलाटापर्यंत घड्याळ लावून चाला. जिना, पूल सगळं धरून.

दुसरी चूक म्हणजे किलोमीटर मोजणं. विक्रोळी, कांजूरमार्ग स्लो गाड्यांची स्टेशनं. ठाणे लांब, पण तिथे फास्ट थांबते. सीएसएमटीला जाणाऱ्याचा वेळ दोन्हीकडून जवळपास सारखाच जातो, आणि ठाण्याहून सुटणाऱ्या गाड्याही आहेत. जिथून गाडी सुटते त्या स्टेशनाला मी नेहमी झुकतं माप देतो. रोज पाऊण तास उभं राहणं आणि बसून जाणं यातला फरक महिनाभरात अंगाला कळतो. पश्चिम रेल्वेवर बोरिवलीसाठीही हेच. तिथे राहून विरार फास्टच्या भरवशावर राहू नका, बोरिवलीहूनच सुटणारी लोकल धरा.

घर रुळांच्या पूर्वेला की पश्चिमेला, हे पावसाळ्याच्या हिशेबाने ठरवा. रुळांखालून जाणाऱ्या अंधेरी सबवेत पाणी भरलं की तो बंद होतो, आणि ऑफिस पलीकडे असलं तर रिक्षा मोठा वळसा घेते.

"इथे मेट्रो येणार" म्हणून आज जास्त भाडं देऊ नका. मेट्रो ३ आरे ते बीकेसी ऑक्टोबर २०२४ मध्ये धावू लागली, कफ परेडपर्यंत पोचायला ऑक्टोबर २०२५ उजाडलं. तुमचा करार बहुतेक ११ महिन्यांचाच असणार.

आता कराराचं. "११ महिन्यांचाच आहे, नोंदणी लागत नाही," हे अजूनही सर्रास सांगितलं जातं. महाराष्ट्रात ते चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार किंवा लिव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीसाठी घर वापरायच्या परवानगीचा करार) लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, आणि ती जबाबदारी घरमालकाची. मालकाने ती टाळली तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. हे ठाऊक नसल्यामुळे कितीतरी जण डिपॉझिटवर पाणी सोडतात. नोंदणी ऑनलाइन, घरबसल्या होते. शहरी भागात नोंदणी शुल्क १,००० रुपये. आधीच राहायला गेला असाल तर आजच मालकाकडे विषय काढा. तोवर भाडं आणि डिपॉझिट बँकेतूनच द्या, रोखीने नको.

सोसायटीत भाडेकरूंसाठी पार्किंग, पाण्याची वेळ, पाहुण्यांचे नियम काय आहेत, ते वॉचमनला विचारा. तो खरं सांगतो.

रुळाकडे तोंड असलेली बेडरूम असेल तर खिडकी उघडी ठेवून दोन-चार गाड्या जाऊ द्या. आणि एकदा रात्री साडेदहाला, दलालाशिवाय, स्टेशनवरून घरापर्यंत चालत या. गल्लीत दिवे लागलेत का, दुकानं उघडी आहेत का, रिक्षा मिळते का, ते बघा. घरात उशिरा परतणारी बाई किंवा मुलगी असेल तर तिला बरोबर न्या आणि तिचं मत आधी ऐका.