ऑर्किडचे बी बाटलीत रुजवताना या चुका टाळा

ऑर्किडच्या धुळीसारख्या बारीक बियांत भ्रूणाला पुरेल एवढा अन्नसाठा नसतो. निसर्गात ही उणीव एक विशिष्ट बुरशी भागवते; प्रयोगशाळेत ते काम साखर व क्षार मिसळलेले माध्यम करू शकते, हे अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ लुईस नडसन यांनी १९२२ मध्ये दाखवून दिले. मात्र हेच गोड माध्यम हवेतल्या इतर बुरशींनाही मानवते. म्हणून बाटली बिघडताच सारे काही पुन्हा उकळण्याची घाई होते आणि संसर्ग नेमका कोठून आला, हे पाहायचेच राहून जाते.

बुरशी बियांभोवतीच उगवली असेल, तर बियांचे किंवा शेंगेचे निर्जंतुकीकरण अपुरे पडले आहे. ठिपके माध्यमावर इतस्ततः विखुरलेले असतील, तर पेरणीच्या वेळी हवा, हात किंवा चिमटा यांपैकी काहीतरी अस्वच्छ होते. बी न पेरलेल्या बाटल्यांतही दुधाळ ढग दिसले, तर संशय ऑटोक्लेव्हवर, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या भांड्यावर घ्यावा. १२१ अंश सेल्सिअसला १५ ते २० मिनिटे हे प्रमाण लहान बाटल्यांपुरते ठीक आहे. मोठ्या बाटल्यांना अधिक वेळ लागतो आणि भांडे खच्चून भरल्यास वाफ सर्वत्र पोहोचत नाही. प्रत्येक खेपेतील दोन-तीन बाटल्या न पेरता बाजूला ठेवल्या नाहीत, तर हे निदान निव्वळ अंदाज ठरते.

संसर्ग टाळण्याच्या भरात सुके बी हायपोक्लोराइटच्या (ब्लीचच्या) द्रावणात गरजेपेक्षा जास्त वेळ ठेवले, की भ्रूणच मरतो. त्यापेक्षा न फुटलेल्या हिरव्या शेंगेचा मार्ग अधिक भरवशाचा आहे. फॅलेनोप्सिस या ऑर्किडची शेंग परागीकरणानंतर साधारण चार महिन्यांनी काढून बाहेरून निर्जंतुक करावी. ती अखंड असेल, तर आतल्या बियांना रसायन लावण्याची गरजच पडत नाही.

बाटली स्वच्छ असूनही बी रुजत नसेल, तर माध्यमाला दोष देण्याआधी बी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे, कारण पुष्कळदा आत भ्रूणच नसतो. माध्यमाचा सामू (pH), त्यात ‘अगर’ हा माध्यम गोठवणारा पदार्थ घालण्यापूर्वी, ५.५ च्या आसपास आणावा. तो फार आम्लधर्मी राहिला, तर अगर नीट गोठत नाही. रुजवणीसाठी वाढीची संप्रेरके ओतण्याची हौस तर टाळावीच, कारण फॅलेनोप्सिससारख्या सामान्य संकरांना त्यांची सहसा गरज नसते आणि मात्रा चुकल्यास रोपे वेडीवाकडी वाढतात.

रुजलेल्या बियांचे हिरवे गोळे एकमेकांना चिकटून दाटी झाली आणि माध्यम तपकिरी पडू लागले, की ते विरळ करून ताज्या माध्यमावर हलवावेत. त्यात किंचित सक्रिय कोळसा मिसळल्यास गोळ्यांतून स्रवणारी फिनॉलयुक्त द्रव्ये शोषली जातात.