मुखपृष्ठ स्वतःच करायचंय? मग अक्षरांपासून सुरुवात करा

स्वखर्चानं पुस्तक काढणारे बहुतेक लेखक मुखपृष्ठाचा विचार चित्रापासून सुरू करतात. सूर्यास्त, पाठमोरी बाई, वठलेलं झाड. चित्र ठरलं की उरलेल्या जागेत पुस्तकाचं नाव कोंबायचं. माझं मत याच्या उलट आहे. मराठी पुस्तकाचं मुखपृष्ठ साधतं किंवा फसतं ते नावाच्या अक्षरांवर. चित्र नसलं तरी चालतं. आणि अक्षरांचं काम लेखकाला घरबसल्या, फुकटात, नीट करता येतं.

आधी माप, मग बाकी सगळं

संगणक उघडण्याआधी छापखान्याला तीन गोष्टी विचारा: पुस्तकाचा आकार, आतला कागद आणि एकूण पानं. कथा-कादंबरीसाठी आपल्याकडे डेमी आकार रुळलेला आहे, म्हणजे साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच (१४० बाय २१६ मिमी). मुखपृष्ठ, कणा (पुस्तकाची उभी पाठ) आणि मलपृष्ठ मिळून एकच सलग फाइल करायची असते, त्यामुळे कण्याची जाडी कळल्याशिवाय काम सुरूच होत नाही.

समजा, पुस्तक सोळा पानी ११ फर्म्यांचं (एकत्र छापून दुमडलेल्या पानांच्या गठ्ठ्यांचं) आहे. म्हणजे १७६ पानं, अर्थात ८८ कागद. ८० जीएसएमचा (चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) एक कागद अंदाजे ०.१ मिमी जाड धरला तर कणा ८.८ मिमी होतो. आता रुंदी: १४० + ८.८ + १४० = २८८.८ मिमी. चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड, म्हणजे कटिंगमध्ये जाणारा भाग, धरला की फाइल होते २९४.८ बाय २२२ मिमी. कागदाची जाडी मिलनुसार बदलते, म्हणून नेमका आकडा छापखान्याकडूनच घ्या किंवा त्याच कागदाची कोरी डमी मागून पट्टीनं मोजा. कडेपासून १० मिमीच्या आत कोणतंही अक्षर आणू नका.

नावाची अक्षरं

इथे वेळ घालवा. चित्रापेक्षा दुप्पट घालवला तरी हरकत नाही.

समजा, तुमच्या कथासंग्रहाचं नाव ‘कोऱ्या पाट्या’ आहे. पाचसहा फॉन्टांत ते लिहून पाहा. काही फॉन्टांत ते ‘कोर्या पाट्या’ दिसेल, कारण त्यांत आपला अर्धचंद्री र नसतो. ‘ॲ’चीही तीच गत. मग ल आणि श बघा. पाकळीचा ल आणि देठाचा श ही मराठी वळणं. अनेक देवनागरी फॉन्ट हिंदी वळण आधी दाखवतात आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडली तरच आपलं वळण देतात. ‘तिरो देवनागरी मराठी’ हा फॉन्ट मुळातच मराठी वळणाचा आहे, गंभीर गद्याला आणि कवितेला शोभतो. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ साधा आणि स्वच्छ आहे, लेखकाच्या नावासाठी उत्तम. त्यांचाच ‘मोदक’ इतका गुबगुबीत आहे की मुलांच्या पुस्तकाखेरीज कुठे वापरू नये. मुंबई लोकलच्या हातानं रंगवलेल्या पाट्यांवरून सुचलेला ‘यात्रा वन’ही आहे, तो शहरी कथांना छान बसतो. हे सगळे गुगल फॉन्ट्सवर मोफत आहेत आणि छापील पुस्तकात वापरायला परवानगी लागत नाही. एका मुखपृष्ठावर दोनपेक्षा जास्त फॉन्ट नकोत.

रोमन अक्षरांत ऐटदार दिसावं म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवतात. ती युक्ती देवनागरीत करू नका, शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडलेल्या तोंडासारखा दिसतो. दोन ओळींचं नाव असेल तर वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीत घुसतो का, ते पाहा. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत ‘किनारा’ लिहिल्यावर ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरावर गेली तर अक्षरजुळणीच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिपींचा पर्याय निवडा. इंकस्केप हे मोफत सॉफ्टवेअर देवनागरी नीट जुळवतं.

कुठलाच फॉन्ट मनास येत नसेल तर नाव हातानं लिहा. तिरकी कत लावलेला (टोक तिरकं कापलेला) बोरू, काळी शाई, जाड पांढरा कागद. वीसपंचवीसदा लिहा, त्यातलं एक निवडून ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा आणि इंकस्केपमधल्या ‘ट्रेस बिटमॅप’नं त्याचा रेषाकार (व्हेक्टर) बनवून घ्या. दीनानाथ दलाल, बाळ ठाकूर, सुभाष अवचट यांची मुखपृष्ठं ग्रंथालयात काढून बघा. नाव आणि चित्र एकाच हातातून उतरलं की काय होतं ते कळेल.

चित्र, आणि ते कोणाचं

गुगलवर सापडलेला फोटो उचलायचा नाही. भारतात चित्राचा हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो आणि फोटोचा प्रसिद्धीनंतर ६० वर्षं. राजा रविवर्मा १९०६ साली गेले, म्हणून त्यांची चित्रं आज मुक्त आहेत. (तरी आणखी एका कवितासंग्रहावर रविवर्म्यांची नायिका नकोच.) स्वतः काढलेला फोटो सर्वांत निर्धोक, फक्त छपाईच्या मापात तो ३०० डीपीआय भरला पाहिजे.

चित्रकार मैत्रिणीचं चित्र घेत असाल तर दोन ओळींचा का होईना, लेखी करार करा आणि त्यात मुदत लिहा. कॉपीराइट कायद्यानुसार हक्क लिहून देताना मुदत नमूद नसेल तर ती ५ वर्षांची धरली जाते आणि प्रदेश नमूद नसेल तर फक्त भारत. दुसरी आवृत्ती सहाव्या वर्षी निघाली की मैत्री पणाला लागते.

एआयनं चित्र करून घेत असाल तर त्यात अक्षरं मागू नका, देवनागरीसारखी दिसणारी पण वाचता न येणारी नक्षी हाती येण्याची शक्यताच जास्त. ॲमेझॉनच्या केडीपी या स्वयंप्रकाशन सेवेवर पुस्तक चढवताना असं चित्र वापरल्याचं जाहीर करावं लागतं.

नखाएवढं करून पाहा

पुस्तकाची जाहिरात आता व्हॉट्सॲपवर होते आणि खरेदी मोबाइलवर. मुखपृष्ठ लहान करून नखाएवढं करा आणि हात लांब धरून बघा. नाव वाचता आलं नाही तर चित्र मागे ढकला आणि अक्षरं मोठी करा. गडद जमिनीवर फिकी अक्षरं किंवा उलट. लालावर हिरवी नकोत. केडीपीसाठी ई-पुस्तकाचं मुखपृष्ठ वेगळं लागतं: फक्त पुढची बाजू, उंची २५६० आणि रुंदी १६०० पिक्सेल.

मलपृष्ठ आणि कणा

मलपृष्ठावर शंभर-सव्वाशे शब्दांचा मजकूर पुरे. लेखकाला मिळालेल्या पुरस्कारांची यादी आत टाका. खाली उजवीकडे पांढऱ्या चौकटीत काळा बारकोड, शेजारी किंमत. बारकोडासाठी लागणारा आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून मोफत मिळतो, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. कणा सहा मिमीपेक्षा बारीक असेल तर त्यावर काही छापूच नका, बांधणीत जरा सरकलं की नाव मुखपृष्ठावर येतं.

छापखान्याकडे देताना

पडद्यावरचे रंग आरजीबी (लाल, हिरवा, निळा प्रकाश), छपाईचे सीएमवायके (निळसर, किरमिजी, पिवळी, काळी शाई). झगमगता निळा आणि पोपटी छापल्यावर मलूल होतात, म्हणून रंग आधीच सीएमवायकेमध्ये बदलून पाहा. स्क्रायबस आणि क्रिटा ही मोफत सॉफ्टवेअर त्यासाठी चालतात, कॅनव्हात ही सोय पैसे भरणाऱ्यांनाच आहे. बारीक काळा मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवा.

आपल्याकडचे बरेच छापखाने कोरल ड्रॉवर काम करतात आणि त्यांच्याकडे जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट असतात. तुमचा मजकूर तिथे उघडला की त्याचा गोंधळ होतो. म्हणून पीडीएफ देण्याआधी सगळी अक्षरं ‘कर्व्ह’ करा, म्हणजे फॉन्टाऐवजी नुसत्या आकारांत बदला, आणि कर्व्ह न केलेली प्रत स्वतःजवळ ठेवा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून किंवा मेलनं पाठवा.

मग एक रंगीत प्रूफ मागा, ज्या आर्टकार्डावर (मुखपृष्ठाच्या जाड, गुळगुळीत कागदावर) छापणार त्याच कार्डावर. मॅट लॅमिनेशननं (चकाकी नसलेल्या पातळ प्लास्टिकच्या थरानं) रंग किंचित बदलतात आणि काळ्या मुखपृष्ठावर बोटांचे ठसे उठून दिसतात, तेव्हा लॅमिनेशनचा तुकडाही हातात घेऊन बघा. प्रूफ घरातल्या अशा माणसाला द्या, ज्यानं पुस्तकाचं नाव अजून ऐकलेलं नाही, आणि ते मोठ्यानं वाचायला सांगा. शुद्धलेखन तिथेच तपासा: कणा, मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ या तिन्ही जागी नाव एकसारखं आहे ना?

मूळ फाइलमध्ये किंमत आणि बारकोड वेगळ्या थरात ठेवा. दुसऱ्या आवृत्तीला किंमत बदलेल, आणि पानं वाढली तर कणाही पुन्हा मोजावा लागेल.