पहिल्या पावसात तलावातले मासे मरतात? या चुका टाळा

मृगाचा पहिला दणका बसला की दोन-तीन दिवसांत पहाटे गावतलावाच्या काठाशी रोहू-कटला वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात. उजाडेपर्यंत काहींची पांढरी पोटं तरंगताना दिसतात आणि गावभर एकच बोलणं: कुणीतरी विष घातलं.

इतक्या लवकर तसं ठरवू नका. आधी मरळ आणि मागूर बघा. हे दोघे वर येऊन थेट हवेतूनही श्वास घेतात. ते धडधाकट आणि रोहू-कटला मेलेले असतील, तर बहुधा पाण्यातला प्राणवायू संपलाय.

उन्हाळाभर साचलेला पालापाचोळा, शेण, धसकटं ओढ्यातून एकदम तलावात येतात. ते कुजवताना जिवाणू प्राणवायू वापरतात. पानांच्या अर्काने पाणी चहासारखं होतं, ऊन खोल पोचत नाही, मग शेवाळही प्राणवायू कमी सोडतं. त्यात पाणी कोमट. २० अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. रोहू-कटल्याला ५ तरी हवा. रात्री शेवाळसुद्धा श्वास घेतं, म्हणून खरी कसोटी पहाटेची. दुपारी प्राणवायू मोजायचं मीटर बुडवून निर्धास्त होऊ नका, सूर्योदयाआधी मोजा.

माझा जीव सर्वात जास्त तुटतो तो वर आलेले मासे भुकेले समजून कोंडा-पेंड टाकताना पाहून. ते खाद्यही कुजतं आणि उरलासुरला प्राणवायू घेऊन जातं. खाद्य बंद, शेणखत बंद. पंपाने तलावाचंच पाणी उंच उडवून फवाऱ्यासारखं परत पडू द्या. चुन्याने प्राणवायू वाढत नाही.

मग काहीजण दुसऱ्या टोकाला जातात आणि काठावरची झाडंच तोडतात. असं करू नका. बुरशी आणि जिवाणू पानं कुजवतात, त्यांच्यावर पाण्यातले सूक्ष्म जीव आणि तळातल्या अळ्या जगतात, आणि त्यांच्यावर मासे. कॅनडात सडबरीजवळच्या डेझी तलावाचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे यलो पर्च माशांच्या पिल्लांच्या शरीराचा किमान ३४ टक्के भाग काठावरच्या झाडझाडोऱ्यातून आलेला होता. पाला हवाच, पण थोडाथोडा.

म्हणून उकिरडा उतारावर नको. ओढ्याच्या तोंडाशी गवताचा पट्टा राहू द्या. उपटलेली जलपर्णी काठावरच टाकलीत, तर पुढच्या सरीत ती परत पाण्यात येते.

आणि तांबूस पाणी दिसलं की लगेच तुरटी टाकू नका. काचेच्या ग्लासात ते रात्रभर ठेवा. जाड गाळ खाली बसतो, पानांचा अर्क बसत नाही. सकाळी ग्लास अजून चहासारखाच दिसला, तर ओढ्याकाठाने वर चालत जा आणि पाला कुठे साचलाय ते शोधा.